पदवी स्वस्त की महाग, हे फीवरून ठरत नाही

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तोच एक ताई हातात पिशवी घेऊन समोर आल्या. "दादा, दहा मिनिटं आहेत का? कागद दाखवायचेत."

आमच्याकडे माणसे कागदच घेऊन येतात. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या वडिलांची अडलेली पेन्शन. कारकुनाच्या वाट्याला दुसरे काय येणार! तिथेच पायरीवर बसलो.

ताई नर्स आहेत. वय एकतीस. बारावीनंतर साडेतीन वर्षांचा जी.एन.एम.चा अभ्यासक्रम केला, कौन्सिलकडे नोंदणी झाली आणि गेली नऊ वर्षे एकाच नर्सिंग होममध्ये नोकरी. पगार एकोणीस हजार. पती रिक्षा चालवतात. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. घरी सासूबाई.

"दादा, ज्या मुलींना सलाईन लावायला मी शिकवलं, त्या बी.एस्सी. आहेत म्हणून आज माझ्यावर इन्चार्ज आहेत. त्यांचा राग नाही मला. पण मी अजून किती वर्षं तिथंच राहायचं?"

मग त्यांनी मोबाइल काढून एक जाहिरात दाखवली. 'नोकरी करणाऱ्या नर्ससाठी घरबसल्या ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग. एका वर्षात पदवी. हजेरीची गरज नाही. फक्त पंचेचाळीस हजार.' बुधवारपर्यंत दहा हजार भरून जागा पक्की करायची होती. नुकतीच ताईंची भिशी लागली होती. पैसे तयार होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "फी परवडण्यासारखी आहे ना दादा?"

आम्ही गप्प बसलो. ताईंना वाटले, आम्ही फीचा विचार करतोय. आम्हाला मात्र सहा वर्षांपूर्वीची दुसरी एक भगिनी आठवत होती.

तीही नर्सच. तिनेही असाच कागद आणला होता. परराज्यातले कॉलेज, पदवी नियमित अभ्यासक्रमाची, पण हजर राहायचे नाही, फक्त परीक्षेला जायचे. फी साठ हजार, तीन हप्त्यांत. त्या वेळी आम्ही कागद नीट वाचला नाही. "शिक्षण आहे, घे," म्हणालो. एवढेच नव्हे, अर्जही आम्हीच भरून दिला आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. तिने गळ्यातले गहाण ठेवून पैसे भरले. दोन वर्षांनी सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र आले. वस्तीत पेढे वाटले. त्यातला एक आम्हीही खाल्ला.

पुढे एका सरकारी भरतीत तिचे नाव यादीत लागले. कागदपत्रांच्या पडताळणीला गेली. तिथल्या साहेबांनी तिचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक नोकरीचा अनुभवाचा दाखला, दुसरे पदवीचे प्रमाणपत्र. म्हणाले, "या दोन वर्षांत तुम्ही रोज रुग्णालयात कामावर होता, असं हा कागद सांगतो. त्याच दोन वर्षांत तुम्ही सहाशे किलोमीटरवरच्या कॉलेजात रोज हजर होता, असं हा सांगतो. यातला खरा कोणता?"

तिच्याकडे उत्तर नव्हते. नाव कटले. कौन्सिलनेही पदवीची नोंद करून घेतली नाही. साठ हजार गेले ते गेलेच, पण तिने प्रामाणिकपणे केलेल्या आठ वर्षांच्या नोकरीवरही संशय आला. तिने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. आयुष्य तारखा तपासण्यात गेले, आणि नेमक्या त्या तारखा आम्ही पाहिल्या नाहीत. तिची परवानगी घेऊनच ही हकीकत इथे लिहीत आहोत.

म्हणून ताईंना म्हणालो, "ताई, फीचं नंतर बघू. आधी बुधवारचे पैसे थांबवा."

आम्ही स्वतः नोकरी करत रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो. त्यामुळे नोकरी करून शिकणाऱ्याचे हाल आम्हाला ठाऊक आहेत. पण बी.कॉम. आणि नर्सिंग यांत एक मोठा फरक आहे. बी.कॉम. झाल्यावर आमचे नाव कुठल्या कौन्सिलच्या वहीत लिहावे लागत नाही. नर्सचे लिहावे लागते. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका कायद्यानुसार महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते. देशपातळीवर शिक्षणाचा दर्जा ठरवण्यासाठी १९४७ च्या कायद्याने भारतीय नर्सिंग कौन्सिल स्थापन झाले. या जुन्या कौन्सिलची जागा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाने घ्यावी, असा कायदा संसदेने २०२३ साली केला. पाटीवरचे नाव बदलले तरी मुद्दा बदलत नाही. नर्सच्या पदवीला दोन शिक्के लागतात, एक विद्यापीठाचा आणि दुसरा कौन्सिलचा. दुसरा शिक्का नसेल तर पहिल्याचा भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोग नाही.

आता 'घरबसल्या ऑनलाइन' या शब्दांकडे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम केले. जे विषय या पद्धतीने शिकवता येत नाहीत, त्यांत वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण यांच्याबरोबर नर्सिंगही आहे. कारण साधे आहे. पेशंटच्या अंगाला हात लावल्याशिवाय नर्सिंग शिकता येत नाही. म्हणजे संपूर्ण पदवी मोबाइलवर मिळेल, असे कुणी सांगत असेल तर तिथेच विषय संपला. फी पंचेचाळीस हजार असो की पंचेचाळीस रुपये.

ताई म्हणाल्या, "पण दादा, अमेरिकेत नर्सेस ऑनलाइन पदवी घेतात. माझी मैत्रीण सांगत होती."

मैत्रीण खोटे बोलत नव्हती. तिकडे अनेक मुली दोन वर्षांचा कॉलेजचा अभ्यासक्रम करतात, एनक्लेक्स नावाची परवाना परीक्षा देतात आणि रजिस्टर्ड नर्स म्हणून कामाला लागतात. पुढची पदवी नोकरी करत, बऱ्याच अंशी ऑनलाइन पूर्ण करतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी घ्यावी. पण तिथे परवाना आधीच हातात असतो, आणि प्रत्यक्ष कामाचा भाग आपल्याच गावच्या दवाखान्यात किंवा वस्तीत पुरा करावा लागतो. तिथली शहाणी नर्सही फीच्या आधी दुसरीच गोष्ट पाहते. नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या सी.सी.एन.ई. आणि ए.सी.ई.एन. यांसारख्या संस्था तिकडे आहेत. त्यांपैकी एकीची मान्यता आहे का, हे ती आधी विचारते. शिवाय अशा बहुतेक अभ्यासक्रमांना तिथल्या राज्याचा परवाना लागतो. आपल्या वस्तीत बसून तो अभ्यासक्रम उचलता येत नाही. इथले दलाल शब्द तेवढे अमेरिकेतून घेतात आणि नियम तिकडेच ठेवतात.

मग आपल्या नोकरदार नर्सपुढे खऱ्या वाटा कोणत्या? पुढच्या रविवारी ताईंबरोबर वहीत मांडल्या, त्याच इथे देतो.

पहिली वाट, नियमित कॉलेज. जी.एन.एम. झालेल्या नर्ससाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावी, जी.एन.एम. आणि चालू नोंदणी लागते. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाच्या आणि विद्यापीठाच्या सूचना पाहाव्यात, दलालाचा मोबाइल नव्हे. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. वर्ग, वॉर्ड, समाजात जाऊन करायचे काम, सारे हजर राहूनच. म्हणजे नोकरी सोडावी लागते किंवा रजा घ्यावी लागते. सरकारी नोकरीतल्या भगिनींनी मात्र घाईने राजीनामा देऊ नये. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. आस्थापना शाखेत जाऊन लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

दुसरी वाट, इग्नू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या नर्ससाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम १९९४ साली सुरू केला. दूरशिक्षणातला हा वेगळा अपवाद, कारण त्याला नर्सिंग कौन्सिलची मान्यता घेतलेली आहे. कमीत कमी तीन वर्षे लागतात. बारावीनंतर जी.एन.एम. केलेल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो. दहावीनंतर जी.एन.एम. केलेल्या जुन्या भगिनींना पाच वर्षांचा लागतो. प्रवेश परीक्षा असते आणि शिक्षण इंग्रजीतून. पण हाही 'घरबसल्या' नाही. वाचन घरी, मात्र प्रात्यक्षिकासाठी नेमून दिलेल्या केंद्रावर जावेच लागते. प्रवेशाची सूचना निघते तेव्हा ती इग्नूच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचावी आणि पैसेही तिथेच भरावेत. 'आम्ही इग्नूला ॲडमिशन करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

तिसरी वाट ऐकून ताई चमकल्या. ती म्हणजे आधी विचारणे, मला पदवी नेमकी कशासाठी हवी? एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा होते. तिथे पदवीधर चालतातच, पण जी.एन.एम. झालेलीही चालते. अट अशी की किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव हवा. वयाची मर्यादा तीस, अनुसूचित जातीला पाच वर्षांची सूट.

आम्ही विचारले, "ताई, तुमचं नर्सिंग होम किती खाटांचं?"

"वीस."

म्हणजे नऊ वर्षे राबूनही त्या भरतीसाठी ताईंचा अनुभव शून्य धरला जाईल. त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते. आम्हालाही जाहिरातीतली बारीक अक्षरे वाचली तेव्हाच कळले. मोठ्या रुग्णालयात नोकरी बदलायला फी लागत नाही. आज बदलली तर तेहतिसाव्या वर्षी दोन वर्षे भरतात आणि पस्तिशीपर्यंत परीक्षा देता येते. ज्या वाटेला एक पैसा लागत नाही, ती या पंचेचाळीस हजारांच्या घाईत कुणी पाहिलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. काही भगिनींना नर्सिंगमध्ये पुढे जायचे नसते, त्यांना फक्त पदवीधर व्हायचे असते, कारण स्पर्धा परीक्षेला 'कोणत्याही शाखेची पदवी' मागतात. त्यांच्यासाठी नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.ए. आहे. हे विद्यापीठ १९८९ चे. मराठीतून, कमी खर्चात, नोकरी सांभाळून पदवी होते. पण ती नर्सिंगची पदवी नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. त्या बी.ए.वर नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होता येत नाही आणि एम.एस्सी. नर्सिंगलाही प्रवेश मिळत नाही. एम.एस्सी.साठी बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिकच लागते, पंचावन्न टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव. पोस्ट बेसिकवाल्यांचा पदवीआधीचा अनुभवही त्यात धरतात, ही जमेची बाजू.

आणि ज्या ए.एन.एम. भगिनी आहेत, त्यांना थेट पोस्ट बेसिक करता येत नाही. आधी जी.एन.एम. करावे लागते. ए.एन.एम.ना 'डायरेक्ट डिग्री' देतो म्हणणारा फसवतोच आहे.

आता हिशोब. मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे पैसे भरायच्या आदल्या दिवशी, आम्ही ताईंच्या घरी गेलो होतो, तेव्हा वही उघडली ती याच कामासाठी. त्या जुन्या भगिनीही आपणहून बरोबर आल्या. आपली हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली. आम्ही मान खाली घालून ऐकली.

ताईंचे पती म्हणाले, "दादा, ही शिकली तर मला आनंदच आहे. पण दोन वर्षं हिचा पगार बंद झाला तर रिक्षाचा हप्ता कसा जायचा?"

रास्त प्रश्न. फीच्या कागदावर बुडालेला पगार कुणी लिहीत नाही, आणि सर्वात मोठा खर्च तोच असतो. एकोणीस हजारांप्रमाणे चोवीस महिन्यांचे झाले चार लाख छप्पन्न हजार. फी वर्षाला सत्तर हजार धरली तर दोन वर्षांची एक लाख चाळीस हजार. प्रवास, गणवेश, पुस्तके, परीक्षा मिळून चाळीस हजार. एकूण सहा लाख छत्तीस हजार. फी पूर्ण माफ झाली तरी जवळपास पाच लाखांचा खड्डा उरतोच. इग्नूच्या वाटेला पगार चालू राहतो. प्रात्यक्षिकासाठी दरवर्षी महिनाभर बिनपगारी रजा धरली तर तीन वर्षांत सत्तावन्न हजार बुडतात. फी, प्रवास, पुस्तके त्यात मिळवली तरी पहिल्या वाटेच्या निम्म्याहून कमीच. मात्र वर्ष एक जास्त, आणि रात्रीची झोप कमी.

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं शिकणं थांबवू नका. पण पोरांचा डबा कोण करणार, रात्री पोरांपाशी कोण असणार, तेही लिहा त्या वहीत."

आम्ही लिहिले. डबा सासूबाई. सकाळी शाळेत सोडणे पती. रविवार सकाळ अभ्यासाची, त्या वेळात पाहुण्यांना बोलवायचे नाही. बाई शिकायला लागली की घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला काम येते. ते आधी वाटून घेतले नाही, तर सहा महिन्यांत पुस्तक बंद पडते आणि दोष बाईला लागतो. आम्ही रात्रीच्या कॉलेजला जात होतो तेव्हा आमचा डबा कुणी केला, मुलांना कुणी झोपवले, हे आम्ही कधी वहीत लिहिले नव्हते. तेही त्या संध्याकाळी आठवले.

फी परवडत नाही म्हणून नियमित कॉलेजची वाट सोडू पाहणाऱ्यांसाठी थोडी माहिती. आपल्या समाजातल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची सवलत आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेवर सवलतीची आशा धरू नये. नवबौद्ध असल्याचा जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी नव्हे, वर्षभर आधी काढून ठेवावे. लग्न झालेल्या भगिनींनी नाव बदलल्याचा पुरावाही जोडावा. माहेरचे आडनाव दाखल्यावर आणि सासरचे नोंदणीवर, यामुळे कितीतरी अर्ज अडकतात. केंद्र सरकारच्या भरतीसाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो.

खासगी कॉलेजची फी कोण ठरवते, हेही माहीत असावे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ते मंजूर करते आणि जाहीर करते. त्याहून जास्त मागितली तर देऊ नये. 'डोनेशन' तर १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानेच बंद आहे. पावती देत नाहीत ते पैसे कायदेशीर नसतात, एवढे ओळखावे. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. कर्ज काढायचेच तर बँकेचे काढावे. सावकाराकडे गळ्यातले ठेवू नये. हे आम्ही ऐकीव सांगत नाही.

ताईंनी काय ठरवले ते सांगतो. बुधवारी पैसे भरले नाहीत. भिशीची रक्कम मुलीच्या नावाने पोस्टात ठेवली. शंभर खाटांच्या एका रुग्णालयात मुलाखत दिली. पगार हजाराने कमी आहे, तरी घ्यायचे ठरले आहे. अनुभवाचा दाखला खाटांच्या संख्येसह लेखी देणार का, हे त्यांनी मुलाखतीतच विचारले. नॉरसेट आणि इग्नू, दोन्हींच्या प्रवेश परीक्षेची तयारी त्या एकत्र करणार आहेत. इंग्रजीची भीती आहे. म्हणून विहारात रविवारी सकाळी दोन तास चार नर्स भगिनी एकत्र बसू लागल्या आहेत. जुन्या भगिनीही त्यांत आहेत. कालच त्या म्हणाल्या, "दादा, आता माझाही अर्ज भरायचाय. पण या वेळी आधी मी वाचणार, मग तुम्ही." आम्ही बरे म्हणालो.

त्या जाहिरातवाल्यांचा ताईंना बुधवारनंतर तीनदा फोन आला. पहिल्यांदा पंचेचाळीसचे चाळीस केले, दुसऱ्यांदा पस्तीस, तिसऱ्यांदा तीस हजार आणि 'मार्कशीट लगेच'. भाजीबाजारात मेथीची जुडी संध्याकाळी अशी उतरते. ज्या पदवीचा भाव फोनवर घासाघीस करून उतरतो, तिच्यात काय असणार, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी, ही कात्रण कापून घरातल्या नर्स भगिनीला द्यावी. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

एक, पदवी कोणते विद्यापीठ देणार? दोन, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल तिची अतिरिक्त पात्रता म्हणून नोंद करून घेईल का? याचे उत्तर कॉलेजकडून नको, कौन्सिलकडूनच घ्यावे. तीन, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती दिवस? चार, नोकरीच्या तारखा आणि हजेरीच्या तारखा एकमेकींवर पडतात का? पाच, फी आणि बुडालेला पगार मिळून एकूण किती, आणि पदवीनंतर पद किंवा पगार किती वाढणार? खासगी मालक 'बघू नंतर' म्हणत असेल तर ते उत्तर 'नाही' असे समजावे.

याशिवाय तुमची कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, हे आजच पाहावे. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेले तर कुठलाही अर्ज पहिल्याच छाननीत बाद होतो. आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही हाती लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नयेत.

रात्रपाळी करून, घर सांभाळून शिकू पाहणाऱ्या बाईकडे पैसा थोडा असतो आणि वेळ त्याहून थोडा. तो लुटणाऱ्यांना आपणच अर्ज भरून देऊ नये, एवढे आम्ही आमच्या एका सहीतून शिकलो. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या पायरीवर असतोच. कागद घेऊन या. पण पैसे भरण्याआधी या.